शनिवारच्या सतरा सह्या

तंजावूर
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

अंबाअक्का,

आपले अप्पा प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'श्री' लिहीत. मी काय लिहावं ते बराच वेळ ठरेना, म्हणून वरची जागा कोरी सोडली. राग मानू नकोस. किंवा मान. वीस वर्षांत आपण एकमेकींवर मोकळेपणानं रागावलोही नाही.

आज शाळेत मी तुझी सही पाहिली. एक नाही, सतरा.

आमच्या शाळेत या जूनपासून मी एक पद्धत सुरू केली. शनिवारी दुपारचे दोन तास मुलांनी घरच्यांबरोबर काढायचे. त्या वेळात ट्यूशन नाही, मोबाइल नाही. काय केलं ते डायरीत चार ओळींत लिहायचं, घरातल्या मोठ्या माणसानं खाली सही करायची, सोमवारी वर्गशिक्षिकेनं ती पाहायची. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली होती की तिनं वडिलांना बहुतेक झोपलेलंच पाहिलंय. ते माझ्या डोक्यातून जाईना, त्यातून हे निघालं. बिशपसाहेबांनी भर सभेत कौतुक केलं. दर पंधरा दिवसांनी मी प्रत्येक वर्गाच्या पाच डायऱ्या स्वतः तपासते. कुठल्या पाच ते डोळे मिटून काढते, म्हणजे पक्षपात नको. आज अकरावीच्या ढिगातून माझ्याच मुलीची निघाली.

जननीच्या रजेच्या, गुणांच्या पानांवर मी देवनागरीत सही करते. प्रिन्सिपलची सही इंग्रजीत, आईची देवनागरीत, असा भेद मी माझ्यापुरता पाळत आले आहे. शनिवारच्या पानांवर मात्र तिचे वडील, जेबराज, सही करतात असं मी धरून चालले होते, कारण शनिवारी मी शाळेत असते. हो, हसू नकोस. घरच्या वेळेचा नियम काढणारी बाई त्या वेळेत ऑफिसात बसून असते.

पहिल्या चार पानांवर जेबराजांची सही. त्यानंतर वीस जुलैपासून 'अंबा', 'अंबा', 'अंबा'.

विजयलक्ष्मी टीचर शेजारीच उभ्या होत्या. मी विचारलं, ही सही कुणाची?

"तुमचीच ना मॅडम?" त्या घाबरल्या. "हिंदीत सही इथं दुसरं कोण करतं?"

त्यांची काय चूक? अप्पांनी आपल्या दोघींचे हात एकाच पाटीवर वळवले. देवनागरी न वाचता येणाऱ्याला तुझं अक्षर आणि माझं अक्षर एकच दिसणार.

मग मी पानं वाचली, पानोपानी तिची मोठी मावशी, पेरियम्मा. 'पेरियम्मांकडे तिरुवैयारुला गेले. त्या म्हणाल्या, आवाज आहे, शिस्त नाही.' 'आज आडिपेरुक्कुचा सण. कावेरीच्या काठावर चिंचेचा भात खाल्ला. अम्मा लहानपणी कुठं पाण्यात पडली ती पायरी पेरियम्मांनी दाखवली.' अक्का, मी पडले नव्हते. तू ढकललं होतंस.

घरी ती सांगायची, बायोलॉजीचा स्पेशल क्लास आहे. तुझा नंबर तिच्या फोनमध्ये 'बायो मिस' या नावानं आहे.

सतरा शनिवार तू माझ्या मुलीला गाणं शिकवलंस, जेवू घातलंस, आपल्या मराठीत बोलायला लावलंस, आणि तेरा किलोमीटरवरून मला एक ओळ पाठवली नाहीस. आपल्यात पूर्वी जे झालं त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. ते तुलाही माहीत आहे, मलाही. हे फक्त जननीबद्दल आहे. ती येत्या शनिवारपासून येणार नाही.

सवयीनं सहीखाली शिक्का मारायला हात गेला होता. मारलेला नाही.

मंगला


शनिवार, १६ नोव्हेंबर

अक्का,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट पाहत होते हे आज दुपारी कळलं, पोस्टमन पुढं निघून गेला तेव्हा.

जननी घरीच आहे. माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर वडिलांना म्हणते, "अप्पा, मॅमना मीठ द्यायला सांगा." शाळेत मला मॅम म्हणायचं हा माझाच नियम. तो ती आता घरात वापरते आहे.

जेबराजांना सगळं माहीत होतं. शाळेच्या गायकवृंदाच्या मास्तरांनी जननीला सांगितलं की तिरुवैयारुला अंबा नावाच्या एक बाई आहेत, गळा घडवायचा तर त्यांच्याकडे जा. जेबराजांनी नाव ओळखलं, आणि मला न विचारता तिला घेऊन गेले. मी विचारलं, का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तू नियम काढला असतास."

"तुम्हाला तिचा राग होता ना?"

"होता. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यांनी कॉफी दिली आणि म्हणाल्या, 'वीज मंडळात आहात ना, आमच्या गल्लीतला खांब वाकलाय.' मग कसं भांडू?"

ते हसले. मी हसले नाही. पण खांबाचं काय झालं ते विचारलं. दुरुस्त झाला म्हणे, ऑगस्टमध्येच.

तुला आणखी एक सांगायला हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ऑक्टोबरमध्ये कविता नावाच्या नववीतल्या मुलीनं आईची सही स्वतःच केली होती. शनिवारच्या पानांवर ती लिहायची, आम्ही तिघांनी मिळून बागेत पाणी घातलं, आम्ही पल्लांगुळी खेळलो. इतकं छान लिहायची की त्यातलं एक पान मी सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढं वाचून दाखवलं. आठवड्याभरानं कळलं की घराला बाग नाही आणि वडील सिंगापूरला आहेत. नाताळच्या कॅरोलसाठी तिला पहिल्या ओळीत उभं करायचं ठरलं होतं. मी तिला गायकवृंदातून काढलं. खोट्या सहीला हाच दंड, असं तेव्हा लिहून ठेवलं.

त्याच कॅरोलमध्ये जननीचं एकटीचं गाणं होतं. तिच्या पानांवरची सही खोटी नाही, पण शाळेत नोंद असलेल्या पालकाचीही नाही, आणि घरी ती खोटं बोलली. मंगळवारी मी तिलाही काढलं. टीचर म्हणाल्या, मॅडम, विचार करा. मी म्हटलं, नियम एकच असला पाहिजे.

तेव्हापासून मी स्वतःला विचारते आहे की हा न्याय होता की राग. माझी मुलगी म्हणून मी तिला सोडलं नाही, हे खरं. पण माझी मुलगी म्हणूनच जास्त झटपट काढलं का? डायरीत दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. दोन्ही बाजूंना माझंच अक्षर, त्यामुळे काही ठरलं नाही.

तू एक ओळ तरी लिही.

मंगला


गुरुवार, २१ नोव्हेंबर

अक्का,

काल तू येऊन गेलीस. तुझ्या खुर्चीतून तुला काय दिसलं ते तुला माहीत आहे. माझ्या खुर्चीतून काय दिसलं ते सांगते.

आधी हे की ती नोटीस मी पाठवली नव्हती. नोंद नसलेली सही सापडली की सही करणाऱ्यानं प्रिन्सिपलसमोर हजर राहावं, अशी छापील नोटीस जाते. आमचे हेडक्लार्क वादिराज यांनी ती नेहमीच्या गठ्ठ्यात टाकली. मला कळलं तेव्हा पोस्ट गेली होती. मी म्हटलं, "अहो, माझी बहीण आहे ती." ते म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर बहिणींसाठी वेगळा रकाना नाही."

मी त्यांना तुला फोन करून 'येऊ नका' सांगायला लावू शकले असते. लावलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे.

साडेदहाला शिपाई सांगत आला की एक पाट्टी, म्हाताऱ्या आजी, बाहेर बसल्यात, त्यांना घाई नाही म्हणतात. मी आणखी तिघांना भेटले. मग तू आत आलीस, मरून काठाची सुती साडी, हातात ती नोटीस घडी करून. केस सगळे पांढरे. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. जननीनं डायरीत पायरीबद्दल लिहिलं, केसांबद्दल नाही.

"अक्का, चाळीस मिनिटं बाहेर बसलीस? निरोप पाठवायचास."

"पाटी वाचले. पालकांनी बाकावर बसावे. बसले."

मी फॉर्म ओढला आणि वाचायला लागले. अक्षरशः वाचायला लागले. "ही सही आपली आहे का?"

"होय."

"विद्यार्थिनीशी नातं?"

तू माझ्या पेनाकडे पाहिलंस. "तेवढं तूच भर गे. मी सांगितलेलं तुज चालेल की नाही, मज ठाऊक नाही."

वादिराज टेबलाशी उभे होते, ते खिडकी उघडायला गेले. ती उघडीच होती.

"शनिवारी पोर का आली नाही?" तू विचारलंस. "शिकवायला घेतलेलं वर्णम अर्ध्यावर आहे."

"मी लिहिलं होतं तुला."

"वाचले. दोन्ही पत्रं. कारण सापडलं नाही त्यांत."

तेव्हा माझा आवाज चढला. मी म्हटलं, सतरा आठवडे तू मला कळवलं नाहीस. आणि तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस, अप्पा उत्तर चुकलेल्या मुलाकडे पाहत तसं, रागानं नाही.

"दर आठवड्याला कळवत होते की. तुझ्याच शाळेच्या वहीत. जननी म्हणाली, ह्या वह्या अम्मा तपासते. मज वाटलं तू वाचतेस, आणि गप्प आहेस म्हणजे चालतंय तुज." मग म्हणालीस, "सही करताना दर वेळी नाव जरा नीट काढत होते."

अक्का, मी त्या डायऱ्या डोळे मिटून काढते. जुलैपासून त्या ढिगातून तिची वही कधी हाताला लागली नाही, आणि मुद्दाम उचलली नाही, कारण मुलीची म्हणून उचलणं बरोबर नव्हे. एवढ्या काळजीनं मी तुझी पत्रं न वाचता ठेवली.

हे मी तुला काल बोलू शकले नाही. मी म्हटलं, कॉफी घेणार का. तू म्हणालीस, "बाहेर कवितेची आई बसलीय. रात्रपाळी करून सरळ आलीय, बसल्या जागी पेंगतेय. आधी तिला बोलाव. मी घरी जाऊन घेते कॉफी." आणि उठलीस.

कविताच्या आईला मी तिसऱ्यांदा बोलावलं होतं. नर्स आहे. पहिल्या दोन वेळा ती आली तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. ती बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "मॅडम, शनिवारी आमच्याकडे कुटुंब नसतं, ड्यूटी असते. पोरीनं जे लिहिलं ते तिला पाहिजे होतं, ते लिहिलं. त्याला तुम्ही खोटं म्हणता, म्हणा." मग तिनं विचारलं, "त्या बाहेरच्या आजी कोण होत्या? मला खांद्यावर डोकं टेकू दिलं त्यांनी."

मी म्हटलं, माझी अक्का.

मंगला


रविवार, २४ नोव्हेंबर

अक्का,

आता मला ते लिहायलाच हवं जे पहिल्या पत्रात लिहिणार नाही म्हटलं होतं. तुला माहीत नसलेलंही त्यात आहे.

शुक्रवारी जननी शाळेतून आली ती दप्तर न उतरवता माझ्यापुढं उभी राहिली. वर्गातल्या कुणीतरी सांगितलं की पेरियम्मांना मॅमनी बाकावर बसवून ठेवलं. दहा दिवसांनी ती माझ्याशी बोलली, तेही असं:

"तू माझ्यावर रागाव. त्यांच्यावर का? तुला माहितीये, पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, माझे ताता, तुमचे अप्पा, वारले तेव्हा अम्माला का नाही कळवलंत? अम्मा अजून रडते त्यावरून.  त्या म्हणाल्या, चुकलं माझं. मला म्हणाल्या, अम्मा! मी सोळा वर्षांची. माझी माफी मागितली त्यांनी. तू कधी मागितलीस कुणाची?"

मी खुर्चीवर बसले. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. तेही खोटंच.

अक्का, तू का म्हणालीस तसं? तू कळवलं होतंस. मार्च २०११, मंगळवार. दूधवाल्या सुंदरच्या हाती चिठ्ठी, अप्पांच्याच जुन्या कागदावर. 'अप्पा तुझं नाव घेताहेत. ये.' मी त्याच्याच हाती उत्तर दिलं की बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी आहे, शुक्रवारी पेपर संपला की येते. शुक्रवारी पहाटे अप्पा गेले.

एवढं तुला माहीत आहे. नसलेलं हे. ड्यूटी दुपारी एकला संपायची. तिरुवैयारुची बस दर वीस मिनिटांनी असते. बुधवारी संध्याकाळी मी बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. तीन बस सोडल्या. मला वाटत होतं, लग्नानंतर ख्रिस्ती झालेली मी दारात जाईन आणि तू म्हणशील, गळ्यातला क्रूस काढून आत ये. तू असं म्हणाली असतीस की नाही, मला माहीत नाही. मीच तुझ्या तोंडी ते घातलं, आणि त्याचाच राग धरून घरी आले.

शुक्रवारी जेबराजांना मी सांगितलं, मला कुणी कळवलंच नाही, बाजारात कुणाकडून तरी समजलं. त्यांना इतका राग आला तुझा, की मला बरं वाटलं. मग ते तसंच राहिलं. जननी मोठी झाली तशी तिलाही तेच सांगितलं. तेरा वर्षांत ते इतक्या वेळा बोलून झालंय की कधीकधी मलाच त्याचं रडू यायचं, आणि ते रडू खरं असायचं. हे कसं होतं मला कळत नाही. मी मुलांना रोज सकाळी खरेपणावर दोन वाक्यं सांगते.

आज चर्चमधून आल्यावर, जेवताना, मी दोघांना सांगितलं. आधी वाटलं होतं की जेवण झाल्यावर सांगावं, पण मग ते संध्याकाळवर गेलं असतं.

जेबराजांनी हात धुतला आणि पुन्हा येऊन बसले.  मग म्हणाले, "त्या बाईंना मी तेरा वर्षं मनात काय काय बोललोय." एवढंच. भात मात्र त्यांनी पुन्हा घेतला नाही.

जननीनं विचारलं, "त्या बुधवारी बसस्टँडवर होतीस, ते डायरीत काय लिहिलंस?"

"त्या दिवसाचं पान कोरं आहे."

"कविताला तू काढलंस, कारण तिनं न झालेलं लिहिलं," ती म्हणाली. "न लिहिणाऱ्यांना दंड काय असतो?"

अक्का, मला तिच्या बोलण्यात तू ऐकू आलीस. सतरा शनिवारांत ती तुझ्याकडून नुसतं गाणंच शिकली असं नाही.

मी तिला म्हटलं, येत्या शनिवारी तू जा. मी अडवणार नाही. ती म्हणाली, "मी एकटी जाणार नाही. जाऊन काय सांगू, की अम्मानं खरं सांगितलं? तू सांग. तू येत नसशील तर मला गाणंही नको." आणि ती हे रागानं बोलत नव्हती. तिनं ठरवलंय. शनिवारी मी आले नाही तर तुझ्याकडचं गाणं ती माझ्या दारात सोडून देणार, आणि ते माझ्यामुळे गेलं हे आम्हा दोघींना जन्मभर माहीत असणार.

हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. तुला मला पाहायचं नसेल तर जननीच्या फोनवर कळव. 'बायो मिस' हे नाव तिनं अजून बदललेलं नाही.

मंगला


शनिवार, ३० नोव्हेंबर

अक्का,

आत्ता तीन तासांपूर्वी तुझ्यासमोर बसले होते आणि घरी येऊन लगेच तुला पत्र लिहिते आहे. जेबराज म्हणतात, आता तरी फोन कर. पण समोर असताना मला जमत नाही हे तू पाहिलंसच.

बसमध्ये जननी खिडकीशी बसली. माझ्याकडे तिचं तंबोऱ्याचं छोटं यंत्र दिलं धरायला. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी तिनं विचारलं, "भीती वाटतेय?" मी हो म्हटलं. "मलाही वाटायची पहिल्या दिवशी. त्या फक्त तालावरून ओरडतात."

दारात मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "पत्र पोचलं. अक्षर बिघडलंय तुझं." आणि जननीला म्हणालीस, "दोन आठवडे रियाज केलास की रुसून बसलीस?"

मी चपला काढून ओट्यावरच बसले. शिकवणीला आलेल्या मुलींच्या आया बसतात तशी. आतून तुझा आवाज आला. "मंगू, बाहेर बसून ऐकणारे इथं कुणी नसतात. येईल त्यानं गायचं. आत ये."

कुणी माझा क्रूस पाहिला नाही. किंवा पाहिला आणि तो तुझ्यासाठी मोठी गोष्ट नव्हती. जिथं मी तेरा वर्षांपूर्वी येऊ शकले नाही तिथं, अप्पांच्या तसबिरीखाली, चटईवर, माझ्या मुलीच्या शेजारी मांडी घालून बसले. तू अगदी पहिल्या धड्यापासून सुरू केलंस, लहान मुलांना देतात त्या सरळीपासून. तिसऱ्या ओळीत माझा आवाज फुटला. जननी हसू दाबत होती. तू मांडीवर ताल धरलास आणि म्हणालीस, "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा फुटला. "तिच्याकडे बघू नकोस," तू जननीला म्हणालीस, "तुझंही तसंच व्हायचं." मग मला रडू आलं, आणि तू ताल थांबवला नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते. थांबवला असतास तर मला उठून जावं लागलं असतं.

शाळेचंही सांगते, कारण आम्ही निघताना तू कविताचं विचारलंस आणि मी अर्धवट उत्तर दिलं. काल प्रार्थनेनंतर मी मुलांना सांगितलं की कविताचं पान मी सगळ्यांपुढं वाचलं ती माझी चूक, आणि ते नीट न विचारता तिला काढलं ती दुसरी. ती गायकवृंदात परत आली आहे. जननीला मी विचारलं. ती म्हणाली, एकटीचं गाणं कविताला द्या, मी मागच्या ओळीत उभी राहते. शनिवारच्या पानावर आता सही लागणार नाही. वादिराजांना हे आवडलेलं नाही. ते म्हणतात, सही नाही तर पुरावा काय? मी म्हटलं, मुलांना विचारू.

आणि कविताच्या आईचा शनिवार महिन्यातून एकदा मोकळा असतो. त्या दिवशी ती मुलीबरोबर असेल, आणि मीही शाळेत नसेन. कुठल्याच शनिवारी नसेन.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

जननी अंगणात हात धुवायला गेली तेव्हा तू ताटं मांडता मांडता, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "अप्पांना मी सांगितलं होतं गे. मंगूची परीक्षा आहे, शुक्रवारी येते म्हणून. त्यांना वाटलं तू शाळेतच आहेस अजून. म्हणाले, मग अभ्यास करू दे तिला, उठवू नका. दिवा तिच्याकडे सरकव. आणि मी सरकवला. कोपऱ्यात कुणी नव्हतं, तरी सरकवला. मग झोपले ते."

 मग तू भात वाढलास.

अक्का, तू एकदा माझ्यासाठी माझ्या मुलीशी खोटं बोलली आहेस, न डगमगता, स्वतःवर घेऊन. त्यामुळे येताना बसमध्ये माझ्या मनात आलंच, की हे दिव्याचंही तू ताटं मांडता मांडता रचलं असशील. मी तशीच आहे. कोणी काही चांगलं दिलं की उलटवून पाहते. तू वळली असतीस तर तुझ्या डोळ्यांवरून मला कळलं असतं. तू वळली नाहीस, आणि मी मान वर केली नाही. मी दहीभात खात राहिले.

हे तुला मी कधीही विचारणार नाही.

दही आंबट होतं. तेवढं खरं सांगते.

तुझी,
मंगू